सोलापूरच्या कोर्टाने दरोड्यातल्या खुनासाठी फाशी सुनावली तर ती लगेच होते का?
नाही, हायकोर्टाने कायम केल्याशिवाय ती देताच येत नाही. आरोपीने अपील केलं नाही तरी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 407 नुसार सत्र न्यायालयाला फाइल वर पाठवावीच लागते. ऑगस्ट 2025 पासून सोलापूरची प्रकरणं मुंबई हायकोर्टाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे, म्हणजे तिथे बसणाऱ्या खंडपीठाकडे, जातात. तिथे पुरावा पुन्हा मुळापासून तपासला जातो, आणि फाशीची जन्मठेप होणं काही नवं नाही. पुढे सुप्रीम कोर्ट, मग दयेचा अर्ज. ‘खून म्हणजे फाशीच’ हे चहाच्या टपरीवरचं गणित. सुप्रीम कोर्टाच्या 1980 च्या बच्चन सिंग निकालानुसार ती दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणातच. मात्र दरोडेखोर पाच किंवा जास्त असतील, तर वार एकानेच केला तरी न्याय संहितेच्या कलम 310(3) खाली बाकीच्यांनाही फाशीपर्यंत शिक्षा होऊ शकते; बाहेर पहाऱ्याला थांबलेलाही त्यात आला.