उडता शिकारी पक्षी कॅमेऱ्यात टिपताना

सुरुवात घारीपासून करा. ती संथ घिरट्या घालते, हात बसायला तिच्यासारखी दुसरी नाही; ससाण्याच्या मागे इतक्यात लागू नका. शटरचा वेग १/२००० सेकंदाच्या खाली आणू नका, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) वाढला तर वाढू दे. नॉइज (फोटोतले दाणे) नंतर कमी करता येतो, हललेला डोळा नाही. पांढुरक्या आकाशापुढे पक्षी काळाठिक्कर येतो, म्हणून एक्स्पोजर एक स्टॉप वर, म्हणजे प्रकाश दुप्पट. फोकस अर्थातच कंटिन्युअस, म्हणजे हलत्या पक्ष्याबरोबर सतत जुळत राहणारा.

खरी मजा झेपेच्या क्षणाची. बसलेला गरुड शिटला, अंग पुढे झुकवलं, की बोट बटणावर हवंच. तो बहुतेकदा वाऱ्याकडे तोंड करूनच उडतो. तेव्हा वारा आणि ऊन दोन्ही तुमच्या पाठीशी राहतील अशी जागा धरा. घरट्याजवळ मात्र, कितीही मोह झाला तरी, फिरकायचं नाही.