'खापर फोडणे' म्हणजे नेमकं काय? खापर तर आधीच फुटलेलं असतं ना?

तुमची शंका रास्त आहे. कोशात 'खापर' म्हणजे मातीच्या भांड्याचा फुटका तुकडा, मग फुटलेलं पुन्हा फोडायचं कसं? मला लहानपणी हा प्रश्न पडला नाही, कारण आमचं घर जळगावकडचं. खानदेशात खापर हे अख्खं भांडं असतं. मातीचं, चुलीवर पालथं घालायचं आणि त्याच्या तापलेल्या पाठीवर हातावर वाढवलेली पुरणाची पोळी टाकायची. एका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमचं खापर तडकलं आणि त्याचं खापर धाकट्या काकूच्या डोक्यावर फुटलं. ती तेव्हा पाणी भरायला गेली होती, हे कोणी विचारातच घेतलं नाही.

शब्द जुना आहे. संस्कृतात 'कर्पर' आणि 'खर्पर', प्राकृतात 'खप्पर'. भांडं, त्याचा तुकडा आणि कवटीसुद्धा, असे त्याचे अर्थ. देवीच्या हातातलं खप्पर याच घरातलं. हिंदीवाले 'ठीकरा फोड़ना' म्हणतात, ठीकराही मातीच्या भांड्याचा तुकडाच. काही जण या वाक्प्रचाराचा संबंध स्मशानात फोडल्या जाणाऱ्या मडक्याशी जोडतात. मला ते पटत नाही. ते मडकं माणूस स्वतःच्या खांद्यावर घेतो, इथे तर सगळी गंमत दुसऱ्याच्या डोक्याची आहे.

आता वापर. 'दोष देणे' आणि 'खापर फोडणे' एक नव्हेत. दोष खराही असू शकतो. खापर फोडलं असं म्हटलं की बोलणारा सुचवतो, दोष चुकीच्या माणसावर ढकललाय किंवा सगळ्यांचा मिळून होता तो एकट्यावर टाकलाय. म्हणून हे क्रियापद दोष देणारा स्वतःबद्दल सहसा वापरत नाही. 'मी तुझ्यावर खापर फोडतो' असं भांडणातही कोणी म्हणत नाही. 'माझ्यावर खापर फोडू नका' मात्र रोज ऐकू येतं. १७६१ च्या पानिपतचंच बघा. कोणी त्या पराभवाचं खापर सदाशिवरावभाऊंवर फोडतं, कोणी रणातून निघून गेलेल्या मल्हारराव होळकरांवर. हे वाक्य लिहितानाच मी कळत-नकळत त्या दोघांची बाजू घेतली, पाहा!

शेजारचे शब्दही सांगतो. चौकशी समिती 'ठपका ठेवते', तिथे कागदपत्रं असतात. 'आळ' संशयावर येतो. गणेश चतुर्थीचा चंद्र पाहिला की चोरीचा आळ येतो म्हणतात, श्रीकृष्णावर स्यमंतक मण्याचा आला तसा. 'बोल लावणे' जरा हताश, ते नशिबालाही लावता येतं.

खापरासाठी आधी काहीतरी बिघडलेलं लागतं: पराभवाचं, नुकसानीचं, दिरंगाईचं खापर. यशाचं खापर नसतं, त्याचं श्रेय असतं आणि ते लाटायचं असतं.

तुम्ही विचारलेलं वाक्य, 'साहेबांनी मला खापर फोडला', दोन ठिकाणी चुकलंय. खापर नपुंसकलिंगी, म्हणून 'फोडलं'. आणि ते माणसाला नाही, माणसावर फुटतं. 'साहेबांनी उशिराचं खापर माझ्यावर फोडलं' असं लिहा, किंवा जरा ठसक्यात हवं असेल तर 'माझ्या माथी फोडलं'.