म्युझिक फेस्टिव्हलला तंबूत राहायचंय, रात्रीच्या धिंगाण्यापासून सुरक्षित कसं राहावं?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही चौघं, दोन मुली आणि दोन मुलं, सोलापूरहून पहिल्यांदाच तीन दिवसांच्या म्युझिक फेस्टिव्हलला निघालाय आणि तंबूत राहणार आहात. दारू पिऊन होणारा दंगा, चोऱ्या, छेडछाड याबद्दल ऐकून घरचे नको म्हणतायत. मीही सोलापूरचीच, जुळे सोलापुरात राहते. गेल्या दहा वर्षांत पाच-सहा फेस्टिव्हलांना तंबूत राहिले आहे, त्यातलं एक अरुणाचलातलं झिरो. तुम्ही जा, असंच सांगेन. घरच्यांची भीती मात्र खोटी नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी शेजार. पोचल्यावर तंबू ठोकून झाला की स्टेजकडं पळू नका. आजूबाजूच्या चार तंबूंत कोण आहे ते बघा, नावं विचारा, कुठून आलात विचारा. आपल्याकडची शेंगाचटणी आणि कडक भाकरी बरोबर न्या आणि पुढं करा. मी प्रत्येक वेळी हेच करते. गुवाहाटीची मुलं असोत की बेंगळुरूची, शेंगाचटणीला कुणी नाही म्हणत नाही. दहा मिनिटांचं काम आहे, पण रात्री दोन वाजता तुमच्या तंबूतून आवाज आला तर तो कुणाचा आहे हे चार तंबूंना कळतं.

हे मी फेस्टिव्हलमध्ये शिकले नाही. माझी आजी कितीतरी वर्षं आषाढी वारीला जायची. एकदा शाळा बुडवून नातेपुत्यापासून वाखरीपर्यंत तिच्याबरोबर चालले. माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, प्रत्येक मुक्कामी राहुट्यांचं अख्खं गाव उभं राहायचं. आजीनं मला एकच गोष्ट पाठ करायला लावली होती, आपल्या दिंडीचा नंबर. हरवलीस तर रडू नको, नंबर सांग, म्हणायची. संध्याकाळी समाज आरतीला, म्हणजे मुक्कामावरच्या सगळ्या दिंड्यांच्या आरतीला, पालखीची शिस्त राखणारे चोपदार दंड उंचावायचे आणि एवढा समुदाय एका क्षणात गप्प व्हायचा. मग हरवलं-सापडलं पुकारलं जायचं. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती टाळ वाजवतच राहायची. चोपदार तिकडं जाऊन ऐकून घ्यायचे, तेव्हाच टाळ थांबायचे. लहान होते, पण तेव्हाच कळलं की उघड्या माळावर झोपलेल्या माणसाला भिंती नसतात, त्याला फक्त आजूबाजूची माणसं असतात.

फेस्टिव्हलच्या कॅम्पात दारू असते आणि कुणाची कुणाशी ओळख नसते. दिंडी आपणच तयार करायची. आणि चोपदार कोण, तो कुठं बसतो, हे उजेडात शोधून ठेवायचं. सिक्युरिटीची चौकी, मेडिकल टेंट, बाहेर पडायची दोन वेगवेगळी गेटं, इथपर्यंत आपल्या तंबूपासून एकदा चालत जाऊन या, चौघंही. नकाशा मोबाइलमध्ये आहे म्हणून टाळू नका. रात्री बॅटरी संपलेली असते.

आता धिंगाणा नेमका कधी होतो ते सांगते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावर लाउडस्पीकर रात्री १० ते सकाळी ६ बंद ठेवावे लागतात. राज्य सरकार वर्षातल्या जास्तीत जास्त १५ दिवसांपुरती १२ वाजेपर्यंत सवलत देऊ शकतं. म्हणजे मोठं स्टेज १० किंवा फार तर १२ला बंद होतं आणि सगळी गर्दी एकदम कॅम्पात परत येते. पोटात दारू, कानात अजून गाणी, झोपायची इच्छा नाही आणि करायला काही नाही. माझ्या अनुभवात स्टेज बंद झाल्यानंतरचे तीन तास सगळ्यात वाईट. मारामाऱ्या, दुसऱ्याच्या तंबूत घुसणं, चुकीच्या तंबूची चेन उघडणं, सगळं याच वेळात. या वेळात चौघांपैकी कुणीही एकटं राहू नका. टॉयलेटलासुद्धा दोघं जा, आणि हा नियम मुलग्यांनाही लावा.

एक प्रसंग सांगते. फेस्टिव्हलचं नाव घेत नाही. दुसरी रात्र होती, अडीच वाजले असतील. पाच-सहा पोरं तंबूंच्या ताणलेल्या दोऱ्यांवरून उड्या मारत पळण्याचा खेळ खेळत होती. त्यातला एक आमच्या तंबूवर आडवा पडला. दांडा मोडला, कापड खाली आलं आणि माझी मैत्रीण त्याच्या वजनाखाली अडकली. मी बाहेर आले आणि तोंडाला येईल ते बोलले. त्यावर त्याचे मित्र अंगावर आले. एकानं माझा दंड धरला. त्या क्षणी मला खरंच वाटलं, आता काही तरी होणार.

शेजारच्या तंबूत पन्नाशीच्या एक बाई होत्या, नवऱ्याबरोबर आलेल्या. संध्याकाळी आम्ही त्यांच्याबरोबर चहा प्यायलो होतो. त्या टॉर्च लावून बाहेर आल्या आणि मला नावानं हाक मारली. मागोमाग आणखी दोन तंबूंतले लोक उठले. कुणी हात उचलला नाही, कुणी ओरडलं नाही, नुसते येऊन उभे राहिले. पोरं पांगली. सिक्युरिटीला आम्ही दोनदा निरोप पाठवला होता, ते अर्ध्या तासानं आले. त्या अर्ध्या तासात आम्हाला वाचवलं ते त्या चहानं.

पण खरी गोष्ट पुढं आहे. पांगले ते मित्र. तंबूवर पडलेला पोरगा तिथंच राहिला, उताणा, अर्धवट शुद्धीत, आणि त्याला उलटी व्हायला लागली. मी रागानं थरथरत होते, मला त्याच्याकडं बघायचंसुद्धा नव्हतं. त्या बाईंनी त्याला कुशीवर वळवलं, वरचा गुडघा पुढं दुमडला, हनुवटी थोडी वर केली म्हणजे तोंडातलं बाहेर वाहून जाईल. उताणा पडलेला दारुडा स्वतःच्या उलटीनं गुदमरून मरू शकतो. त्याला तसं झोपू द्यायचं नाही आणि एकटं सोडायचं नाही. हाक मारून, हलवून जागा होत नसेल, श्वास फार सावकाश किंवा थांबून थांबून येत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर झोपला असेल म्हणून थांबू नका, थेट मेडिकल टेंट किंवा १०८. लिंबूपाणी पाजणं, थंड पाण्यानं आंघोळ घालणं, ओकारी काढायला घशात बोट घालणं, यातलं काहीही करू नका. तो पोरगा वाचला. मित्र सकाळी त्याला शोधत आले.

म्हणून तुम्हा चौघांना हात जोडून सांगते, आपल्यातला कुणी जास्त प्यायला तर त्याला तंबूत टाकून स्टेजवर परत जाऊ नका. रोज रात्री एकानं अजिबात प्यायची नाही, आळीपाळीनं. कुणी अनोळखी माणसानं दिलेली गोळी किंवा उघडी बाटली घ्यायची नाही. त्यात काय आहे हे देणाऱ्यालाही माहीत नसतं. तरीही कुणी काही घेतलंच आणि तब्येत बिघडली तर डॉक्टरला खरं सांगा. पोलिसांच्या भीतीनं तिथं खोटं बोलणं जिवावर बेतू शकतं.

दंगा करणाऱ्यांशी कसं वागायचं? मी त्या रात्री वागले तसं नाही. पहिली विनंती शांतपणे, एकदाच, आणि शक्य तर त्यांच्यातल्या कमी प्यायलेल्या माणसाला. दुसऱ्यांदा बोलायला जाऊ नका, थेट चौकीवर जा, दोघं जा, तंबूंची रांग कोणती ते सांगा. व्हिडिओ काढायला तोंडासमोर मोबाइल धरला तर भांडण पेटतं. आणि ती रांगच दंगेखोर निघाली तर दुसऱ्या दिवशी सकाळी तंबू उचलून जागा बदला. यात कमीपणा नाही. बऱ्याच ठिकाणी शांत विभाग किंवा कुटुंबांसाठी वेगळा विभाग असतो, बुकिंग करतानाच विचारा.

छेडछाडीबद्दल स्पष्ट लिहिते, कारण मुलींना इथंच गप्प बसायला सांगितलं जातं. अंगाला हात लावणं, पाठलाग करणं, घाणेरडं बोलणं हे सगळे गुन्हे आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्यासाठी कलम ७४, ७५ आणि ७८ आहेत. नंबर ११२. फेस्टिव्हल दुसऱ्या राज्यात असलं आणि तिथं थांबणं शक्य नसलं तरी सोलापुरात परत येऊन कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर, म्हणजे हद्दीबाहेरच्या गुन्ह्याचीही फिर्याद, नोंदवता येतो. हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. बरोबरच्या दोन मुलग्यांना एक विनंती. मैत्रीण म्हणाली की तो माणूस विचित्र वागतोय, तर पुरावा मागू नका. तिथून चौघं मिळून उठा.

गर्दीचं वेगळं. गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर, अक्षता सोहळ्याला, आपण लहानपणापासून गर्दी बघितली आहे, त्यामुळं आपल्याला वाटतं, त्यात काय. स्टेजसमोरची गर्दी मात्र पुढं दाबत राहते. एका चौरस मीटरमध्ये पाचच्या वर माणसं झाली की धोका सुरू होतो, दाटी आणखी वाढली की माणूस स्वतःच्या मनानं हलू शकत नाही, गर्दी लाटेसारखी हलवते. डेन्मार्कमध्ये रोस्किल्डे फेस्टिव्हलला ३० जून २००० रोजी स्टेजसमोरच्या चेंगराचेंगरीत ९ जण दगावले. ह्यूस्टनमध्ये अॅस्ट्रोवर्ल्डला ५ नोव्हेंबर २०२१ रोजी १०. अशा ठिकाणी माणसं बहुतेक वेळा छातीवर दाब येऊन श्वास कोंडल्यामुळं मरतात, उभ्या उभ्यासुद्धा. चारही बाजूंनी अंगाला अंग लागलं, हात वर घेता येईनासा झाला, की गाणं कितीही आवडतं असो, बाहेर पडा. मुठी छातीसमोर धरून श्वासाला जागा ठेवा. लाट आली की तिच्याविरुद्ध जोर लावू नका, ती ओसरली की तिरकं तिरकं कडेला सरका. खाली पडलेली वस्तू उचलायला वाकू नका.

आयोजक कसे आहेत हे पहिल्याच दुपारी कळतं. अमेरिकेत १९९९ च्या जुलैमध्ये वुडस्टॉक म्युझिक फेस्टिव्हलचं जे झालं ते बघा. जुन्या हवाई तळावरचं डांबर, आपल्या मे महिन्यासारखं ऊन, पाण्याची बाटली ४ डॉलरला, नळ अपुरे, टॉयलेट तुंबलेली. शेवटच्या रात्री लोकांनी आगी लावल्या. माणसं तिथं येतानाच गुंड नव्हती. पहिल्या दिवशी पाण्याला तासभर रांग, टॉयलेट वाहतायत, सावली नाही आणि कुणी जबाबदार माणूस भेटत नाही, असं दिसलं तर दुसऱ्या रात्रीपर्यंत थांबू नका. तिकिटाचे पैसे गेले तर जाऊ द्या.

तंबूबद्दल थोडंच. उतारावर खाली नको, टॉयलेटच्या अगदी शेजारी नको, मुख्य वाटेला खेटून नको. दिव्याच्या खांबाचा उजेड पोचेल अशी जागा घ्या. दोऱ्यांना पांढरं फडकं बांधा. तंबूत मेणबत्ती, डासांची कॉइल, स्टोव्ह काही पेटवायचं नाही. नायलॉनचा तंबू बघता बघता पेट घेतो. आणि थंडी वाजते म्हणून विझत आलेली शेगडी आत घेतली तर कार्बन मोनॉक्साइडनं माणूस झोपेतच जातो, वाससुद्धा येत नाही. तंबूला बाहेरून कुलूप लावू नका, आत काही तरी किमती आहे अशी ती जाहिरात होते. पैसे, ओळखपत्र, मोबाइल झोपताना अंथरुणात पायाशी. रोख थोडी चौघांकडं वाटून ठेवा, गर्दीत नेटवर्क गेलं की यूपीआय चालत नाही. एकमेकांचे नंबर कागदावर लिहून खिशात.

आपण सोलापूरकर उन्हाला भीत नाही, थंडीचा अंदाज मात्र चुकतो. झिरोला सप्टेंबरअखेर पाऊस होता आणि रात्री दात वाजत होते. मी इथली चादर नेली होती, ती भिजून जड झाली आणि दुसऱ्या रात्री काहीच कामाची राहिली नाही. कोरड्या जागी चादर चांगली, पावसाळी ठिकाणी स्लीपिंग बॅग. दारूनं ऊब येते हा भास आहे. कातडीकडं रक्त वाढतं आणि उलट अंगातली उष्णता बाहेर जाते. झिरोला जाणार असाल तर इनर लाइन परमिट, म्हणजे अरुणाचलात शिरायचा सरकारी परवाना, आधी काढा.

घरच्यांना तिकिटाचा फोटो, कॅम्पचं ठिकाण आणि चौघांच्या घरचे नंबर देऊन ठेवा. रोज सकाळी एक मेसेज करायचा असं ठरवा. रात्रीचा नको, रात्री नेटवर्क गेलं तर आई उगाच जागी राहते.

आणि परतीला कुणीही गाडी चालवू नका. तीन रात्री नीट झोप नसते, आणि पुणे-सोलापूर रस्ता सरळ असल्यामुळं डुलकी कधी लागते ते कळत नाही. फेस्टिव्हल पुण्याकडं असेल तर हुतात्मा एक्स्प्रेसचं परतीचं तिकीट आत्ताच काढून ठेवा.