झेनमध्ये एस्टीमचं इंजिन: 1,15,000 रुपयांत न धरलेला खर्च

प्रश्न अमळनेरहून आला आहे, थोडक्यात असा. वय 31, बियाणं-औषधांच्या कंपनीत फिरतीची नोकरी, हातात पगार 36,000. घरात आई, पत्नी, चार वर्षांची मुलगी. वडिलांची 2004 ची झेन, एमएच-19 पासिंग, नोंदणी 2029 पर्यंत वाढवून घेतलेली. सासुरवाडी संभाजीनगरला, चौघं बसून एसी लावला की कन्नडच्या घाटात गाडी दुसऱ्या गिअरवर येते. म्हणून त्यात एस्टीमचं 1298 सीसीचं इंजिन बसवायचं आहे. काम घरच्या अंगणात, लिंबाच्या फांदीला चेनपुली लावून, मेकॅनिक मित्राच्या मदतीनं. खर्चाचा अंदाज 1,15,000. त्यातले 40,000 बँकेतल्या बचतीतून, 75,000 पत्नीच्या सोन्यावर कर्ज काढून. कापूस विकला की सोनं सोडवायचं. पतसंस्थेत 1,20,000 ची ठेव आहे, तिला हात लावायचा नाही. शेवटचं वाक्य जसंच्या तसं: "ताई, हौसेला मोल नसतं हे मलाही कळतं, पण हिशेब चुकतोय का तेवढं सांगा."

भाऊ, बेरीज बरोबर आहे. इंजिन, गिअरबॉक्स आणि ईसीएम (इंजिन चालवणारा संगणक) मिळून 60,000, मजुरी 15,000, रेडिएटर-क्लच-माउंटिंगचे 20,000, सायलेन्सर आणि ब्रेकचे मिळून 20,000. यादी मन लावून केली आहे, आणि निवडही ऐकीव नाही. झेनचं 993 सीसीचं आणि एस्टीमचं इंजिन एकाच घराण्यातलं, त्यामुळे झेनवाल्यांना या बदलाची भुरळ पडते. तुमच्या झेनला नवी असताना 60 अश्वशक्ती होती, एमपीएफआय (इंजेक्टरवाल्या) एस्टीमला 85. पावणेआठशे किलोच्या आसपासच्या गाडीला ती 25 जास्तीची चांगलीच जाणवेल. मजा येईल, यात शंका नाही.

चूक बेरजेत नाही. जे खर्च यादीत यायला हवे होते ते आलेलेच नाहीत, आणि त्यातला एक असा आहे की त्यापुढे बाकी सगळी यादी किरकोळ वाटेल.

आधी छोटे खर्च उरकते. तुम्ही महिन्याला हजार किलोमीटर फिरता, आता लिटरला 15 चा ॲव्हरेज मिळतो. नव्या इंजिनाला 12 धरा. महिन्याला साधारण 17 लिटर जास्त, म्हणजे पेट्रोल 105 रुपयांनी धरलं तर वर्षाला 21,000. गाडी उघडी पडून राहील ते दिवस वेगळे. घरचं काम आठवड्यात होईल म्हणतात आणि एका वायरिंगसाठी महिना जातो. तुमची कंपनी किलोमीटरवर भत्ता देते असं लिहिलंय. गाडी अंगणात उभी असेल तेव्हा तोही बंद.

आता कागद. आरसी बुकात इंजिन नंबर असतो, सीसी असते. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की आरसीवरची माहिती कंपनीनं मुळात ठरवलेल्या माहितीशी जुळणार नाही असा बदल मालकानं करायचा नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच कडकपणे सांगितलं. खराब झालेल्या इंजिनाच्या जागी त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं इंजिन टाकायचं असेल तर आरटीओची परवानगी घेऊन नोंद करता येते. 993 च्या जागी 1298 हे त्यात बसत नाही. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम 182-अ आलं: परवानगीबाहेरचा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही.

तुम्ही म्हणाल, बोनेट उघडून कोण बघतंय? रस्त्यावर बहुधा कोणी नाही. पण 2029 ला गाडी पुन्हा पासिंगला न्यावी लागेल. तिथे निरीक्षक फडक्यानं तेलकट मळ पुसतो, नंबर उघडा करतो, कागद ठेवून पेन्सिल घासून छाप घेतो आणि आरसीशी ताडून बघतो. नंबर वेगळा निघाला की गाडी तिथंच अडकली. वीस वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी ऑगस्ट 2025 पासून 10,000 झाली आहे, ती भरायची तयारी ठेवूनही पासिंग मिळणार नाही. शिवाय भंगारातून आणलेलं इंजिन कुठल्या गाडीतून निघालं, त्याचं बिल कोण देणार? चोरीच्या गाडीचा नंबर निघाला तर अंगणात पोलीस येतील, आणि तेव्हा मेकॅनिक मित्र लिंबाखाली दिसणार नाही.

हे सगळं धरूनही एखादा म्हणेल, लाख-दीड लाख गेले तर गेले. खरंच, तेवढ्यानं तुमचं घर बुडत नाही. घर बुडवू शकतो तो विमा.

इतक्या जुन्या गाडीचा तुमचा विमा फक्त थर्ड पार्टी आहे, म्हणजे तुमच्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्यापुरता. त्याचा हप्ता सीसीवर ठरतो: जून 2022 पासून हजार सीसीपर्यंत 2,094 रुपये, हजार ते पंधराशेपर्यंत 3,416, जीएसटी वेगळा. फरक 1,322 रुपयांचा, म्हणजे काहीच नाही. पण तो भरायचा तर कंपनीला इंजिन बदलल्याचं सांगावं लागतं, सांगितलं की ती आरसीवरची नोंद मागते, आणि नोंद तर होणार नाही. म्हणजे तुम्ही गप्प बसून 2,094 भरत राहणार. इथे खरा धोका सुरू होतो.

पारोळ्याच्या रस्त्यावर संध्याकाळी एक मोटारसायकलवाला तुमच्या गाडीखाली आला आणि दगावला, असं धरा. असं होऊ नये, पण विमा याच दिवसासाठी असतो. माणूस तिशीचा, छोटं दुकान, महिन्याची कमाई 25,000, मागे चार माणसं अवलंबून. भरपाई न्यायाधिकरणाचा हिशेब साधारण ठरलेला असतो. वर्षाचे 3,00,000. वय चाळिशीच्या आत आणि स्वतःचा धंदा, म्हणून पुढच्या वाढीचे 40 टक्के मिळवून 4,20,000. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा, उरले 3,15,000. तिसाव्या वर्षाला गुणक, म्हणजे किती वर्षांची कमाई धरायची तो आकडा, 17. रक्कम झाली 53,55,000, वर व्याज आणि किरकोळ बाबी.

विमा धड असेल तर हे पैसे कंपनी भरते आणि तुम्ही रात्री झोपू शकता. गाडीत आरसीवर नसलेलं इंजिन सापडलं तर कंपनीच्या वकिलाच्या हातात तुम्ही आयतं कोलीत दिलेलं असतं. मयताच्या घरच्यांना न्यायालय बहुतेक वेळा आधी कंपनीकडून पैसे देववतं आणि मग तेच पैसे मालकाकडून वसूल करायची मुभा कंपनीला देऊ शकतं. प्रत्येक खटल्यात असं होतंच असं मी म्हणत नाही. अपघाताचा आणि इंजिनाचा संबंध नव्हता असं तुमचा वकीलही भांडेल. पण हे भांडण वर्षानुवर्षं चालतं, आणि तोवर दोन एकर शेतावर टांगती तलवार. गाडी तुमच्या नावावर, शेत अजून वडिलांच्या नावावर आणि वारस तुम्ही, असं तुम्हीच लिहिलं आहे. गाडीचा मालक म्हणून स्वतःचा जो 15 लाखांचा अपघाती विमा तुम्ही पॉलिसीबरोबर घेतला आहे, त्याच्या दाव्यातही हाच फाटा फुटू शकतो.

म्हणून माझं उत्तर नाही असं आहे. 1,15,000 जास्त वाटतात म्हणून नाही. या खर्चाला वरची मर्यादाच नाही, म्हणून.

आता पैसे कुठून आणताय त्याबद्दल. घरखर्च 27,000 आणि मोटारसायकलचा हप्ता 3,200, म्हणजे बँकेतले 40,000 हा जेमतेम सव्वा महिन्याचा आधार आहे. तो शून्यावर आणून सोनं गहाण ठेवायचं, हे मला इंजिनाइतकंच खटकलं. आपल्याकडे पेरणीच्या आधी सोनं ठेवून कापूस आल्यावर सोडवायची रीत आहे आणि तिच्यात वावगं काही नाही, कारण त्या पैशातून पीक उभं राहतं. झेनमधून काय उभं राहणार? 12 टक्क्यांनी 75,000 चं वर्षाचं व्याज 9,000, मुदतीअखेर 84,000 एकरकमी. भाव पडला किंवा बोंडअळी आली की कर्ज पुढच्या वर्षात ढकललं जातं आणि सोनं तिजोरीत तसंच राहतं. "बायकोची हरकत नाही" असंही लिहिलंय. तिला हे 84,000 आणि वरचे 53 लाख दाखवून विचारलं होतं का? नसेल तर ती हरकत अजून विचारायची बाकी आहे.

जाता जाता, ज्या ठेवीला हात लावायचा नाही म्हणता तीच मला सगळ्यात कच्ची वाटते. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं, सहकारी बँकेतल्यासुद्धा. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. जळगाव जिल्ह्यातल्या माणसाला बुडालेल्या पतसंस्थांबद्दल मी वेगळं काय सांगू! पावती पिकली की त्यातले 80,000 बँकेत मुदत ठेवीत टाका. बचतीतल्या 40,000 बरोबर धरले की चार महिन्यांचा आधार होतो.

राहिला घाट. बावीस वर्षांच्या झेनला आज 60 अश्वशक्ती उरलीच नसेल, हे तुमच्या पत्रात कुठे दिसलं नाही. इंजिन उतरवण्याआधी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन तपासा. एकात जरी दाब पडलेला असेल तर रिंगा, व्हॉल्व्ह, हेड गॅसकेटचं काम करून घ्या, इंजेक्टर साफ करा, क्लचप्लेट बघा. इंधनाचे रबरी पाइपही बदला, आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. तुमच्याच मित्राचा दर धरला तर हे 25,000 ते 30,000 मध्ये बसावं. तेच इंजिन, तोच नंबर, कोणाच्या बापाला घाबरायचं कारण नाही. अंगण, लिंब, चेनपुली, सगळी हौस यात फिटते. सिलिंडरच्या बोअरचं काम मात्र वर्कशॉपमध्येच करा.

आणि 85 अश्वशक्तीच हवी असेल तर ती विकत मिळते. झेनचे 65,000 येतील असा गावातल्या दलालानं भाव सांगितला आहे. त्यात तुमचे 1,15,000 मिळवा, 1,80,000 झाले. एवढ्यात जुनी रिट्झ किंवा 2010 नंतरची पेट्रोल स्विफ्ट शोधा. 1197 सीसी, अश्वशक्ती तेवढीच 85, आणि ब्रेक, ॲक्सल, रेडिएटर कंपनीनं त्याच ताकदीला धरून बसवलेले. आरसी जुळते, विमा जुळतो, उद्या विकायची म्हटली तरी गिऱ्हाईक मिळतं. इंजिन बदललेली झेन घ्यायला जाणकार येणार नाही, आणि येईल तो भंगाराच्या भावात मागेल. स्विफ्टसाठीसुद्धा सोनं ठेवू नका. कापसाचे पैसे येईपर्यंत थांबा. घाट कुठे जात नाही.

वडिलांची गाडी विकायला मन होत नसेल तर पहिलाच मार्ग घ्या आणि संभाजीनगरला जाताना घाटात एसी बंद ठेवा. छोट्या इंजिनाला तेवढ्यानंही फरक पडतो.

मोठं इंजिन स्वतःच्या हातानं बसवायचं आहे, तोच खरा किडा असेल, तर तोही वाईट नाही. एस्टीमचं जुनं इंजिन बिलासह विकत घ्या, लोखंडी स्टँडवर चढवा, खोला, बांधा, चालू करून दाखवा. ते गाडीत बसवत नाही तोवर कलम 52 लागत नाही. यासाठी महिन्याला 2,000 बाजूला टाका, त्याहून जास्त नाही, आणि आधी वर सांगितलेला चार महिन्यांचा आधार उभा राहू द्या.

कॉम्प्रेशनचे चारही आकडे आले की मला लिहा, मग दुरुस्ती की स्विफ्ट ते बघू. पतसंस्थेची पावती कोणत्या महिन्यात पिकते तेही त्याच पत्रात कळवा. शिवाय कंपनीच्या मेडिक्लेममध्ये पत्नी आणि मुलगी आहेत की फक्त तुम्ही, याचा उल्लेख राहिला आहे. फक्त तुम्हीच असाल तर गाडीच्या कुठल्याही खर्चाआधी त्या दोघींची पॉलिसी घ्यावी लागेल.