वाचकांचे प्रश्न : महापालिकेचा पर्यावरण अहवाल कसा वाचावा?

प्रश्न : महापालिका दरवर्षी पर्यावरणाचा अहवाल काढते म्हणे. तो केव्हा निघतो आणि सामान्य माणसाला कसा मिळेल? (वाचक, विश्रामबाग, सांगली)

उत्तर : महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 67-अ प्रमाणे मागच्या आर्थिक वर्षाचा पर्यावरण स्थिती अहवाल आयुक्तांनी 31 जुलैच्या आत महासभेपुढे ठेवायचा असतो. संकेतस्थळावर सापडला नाही तर माहिती अधिकारात मागा. साधा कागद, 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट, उत्तराची मुदत 30 दिवस. आपल्या राज्याच्या नियमांत एका अर्जात एकच विषय, तोही साधारण 150 शब्दांत मांडायचा असतो. त्यामुळे नदी, कचरा आणि झाडं एकाच अर्जात कोंबू नका. मागायचे ते सलग तीन वर्षांचे अहवाल मागा, कारण एकाच वर्षाच्या आकड्यांवरून प्रगती झाली की पीछेहाट, हे कळत नाही.

प्रश्न : सांडपाणी प्रक्रियेची क्षमता वाढली असं अहवालात दिसतं, पण शेरीनाल्याचं पाणी कृष्णेत जायचं काही थांबत नाही. आकडा खोटा आहे का? (वाचक, सांगलीवाडी)

उत्तर : आकडा खरा असू शकतो, पण क्षमता म्हणजे काम नव्हे. आधी घरीच हिशेब करा. 2011 च्या जनगणनेत सांगली-मिरज-कुपवाड महापालिका हद्दीची लोकसंख्या सुमारे 5 लाख होती. माणशी रोज 135 लिटर पाणी धरलं तर 6 कोटी 75 लाख लिटर होतात आणि त्यातलं साधारण 80 टक्के सांडपाणी बनतं, म्हणजे रोज 5 कोटी 40 लाख लिटर. अहवालाच्या भाषेत 54 एमएलडी, म्हणजे रोज 54 दशलक्ष लिटर. त्यानंतर वस्ती वाढली आहे, तेव्हा हा आकडा कमीत कमी समजा.

आता अहवालात तीन आकडे शोधा : किती सांडपाणी तयार होतं, किती प्रक्रिया केंद्रापर्यंत पोचतं आणि किती शुद्ध होऊन बाहेर पडतं. मधला आकडा बहुधा गायब असतो, आणि खरी गोम तिथेच असते. भुयारी गटार टाकलं पण घरांची जोडणी झाली नाही, तर पाणी उघड्या गटारातून नाल्यात जातं आणि केंद्र अर्धं रिकामं चालतं. पंपिंग स्टेशनची वीज गेली आणि जनरेटर नसला की तिथली सांडपाणी साठवायची विहीर भरून तेच पाणी नाल्यात उतरतं. म्हणून प्रवाहमापकाच्या महिनावार नोंदी आणि पंपांची वीजबिलं मागा. वीज निम्म्यावर आली आणि प्रक्रियेचा आकडा मात्र तोच राहिला, तर खुलासा मागायलाच हवा.

नदीच्या तपासणीत नमुना कुठला, केव्हाचा, हे पाहणं फार महत्त्वाचं. नाला मिळतो त्याच्या वरचा आणि खालचा, असे दोन्ही नमुने हवेत. मे महिन्याची तुलना मे महिन्याशीच करा. ऑगस्टमध्ये पुराच्या पाण्याने घाण पातळ होते आणि नदी सुधारल्यासारखी वाटते. आंघोळीच्या पाण्यासाठी विरघळलेला प्राणवायू लिटरला 5 मिलिग्रॅम किंवा जास्त आणि बीओडी (घाण कुजवताना जिवाणू वापरतात तो प्राणवायू) 3 किंवा कमी असायला हवा. शेवाळ माजलेल्या पाण्यात दुपारी प्राणवायू चढतो आणि पहाटे अगदी कमी होतो, म्हणून नमुन्याची वेळ नोंदवलेली नसेल तर त्या आकड्यावर विसंबू नका. प्राणवायूचा नमुना बाटलीत बुडबुडा न राहता भरून तिथेच रसायनं घालून स्थिर करावा लागतो. तसाच नेला तर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत आकडा बदलतो.

प्रश्न : कचरा डेपोवरचा जुना ढीग हटवण्याचं काम 'प्रगतिपथावर' आहे असं वर्षानुवर्षं वाचतोय. खात्री कशी करायची? (वाचक, बेडग रोड, मिरज)

उत्तर : कामाच्या आधीची आणि नंतरची मोजणी मागा, तीही घनमीटरमध्ये. ढीग खणतात, उलटापालट करून वाळवतात, मग ट्रॉमेलने, म्हणजे गोल फिरणाऱ्या पिंपासारख्या चाळणीने, माती, प्लास्टिक-चिंध्या आणि दगडगोटे वेगळे होतात. प्रत्येक हिश्श्याची वजनकाट्याची पावती असायला हवी, आणि प्लास्टिक-चिंध्या इंधन म्हणून सिमेंट कारखान्यात गेल्याची पोचही. पावसाळ्यात ओला माल चाळणीची भोकं बुजवतो, त्यामुळे जून ते सप्टेंबर काम मंदावणं स्वाभाविक आहे. मात्र एका बाजूने जुना कचरा उपसायचा आणि दुसऱ्या बाजूने ताजा टाकायचा, हे चालू असेल तर ढीग कधीच संपणार नाही. ओल्या कचऱ्यासाठी ठोकताळा असा : 100 टनांतून खत निघतं साधारण 20 टन, बाकी ओलावा आणि वायू होऊन जातो. खतविक्रीची नोंद याच्या आसपासही नसेल, तर 'शंभर टक्के प्रक्रिया' या शब्दांना आधार नाही.

प्रश्न : साताऱ्यात रस्त्यासाठी झाडं तोडली, बदल्यात रोपं लावली म्हणतात. काय विचारावं? (वाचक, सातारा)

उत्तर : राज्याचा 1975 चा वृक्षसंरक्षण कायदा नगरपरिषदांनाही लागू आहे. 2021 च्या दुरुस्तीनंतर तोडलेल्या झाडाचं जितकं वय, तितकी रोपं लावावी लागतात, आणि 50 वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष ठरतं. तेव्हा तोडलेल्या प्रत्येक झाडाचं वय कोणी ठरवलं आणि बुंध्याचा घेर किती होता, हे आधी विचारा. वय कमी दाखवलं की रोपंही आपोआप कमी होतात. मग रोपांच्या जागा मागा आणि दोन उन्हाळ्यांनंतर त्यातली किती जगली, याची यादी मागा. लावलेल्या रोपांची संख्या अहवालात असतेच. जगलेल्यांचा रकाना नसेल तर वृक्ष प्राधिकरणाकडे (याच कायद्याखाली नेमलेल्या समितीकडे) लेखी मागणी करून तो घालायला लावा. दर पाच वर्षांनी वृक्षगणना करणं कायद्याने बंधनकारक आहे. मागची गणना कधी झाली, हेही त्याच पत्रात विचारून घ्या.