धास्ती जहाजाची की मुलीने स्वतः ठरवल्याची?

प्रश्न : मुलगी बीएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. जपानजवळ समुद्रतळाला बोअर मारून त्यात भूकंपमापक बसवतात, त्याच डेटावर काम करायचं असं तिने डोक्यात घेतलंय. मागच्या वर्षी 64 टक्के पडले. मुलीच्या जातीने महिनोन्महिने जहाजावर राहायचं का? आम्ही बीएड ठरवलं होतं, स्थळंही येताहेत. तिची समजूत कशी काढावी? – एक वडील, कराड

उत्तर : नमस्कार. समजूत काढायची असेल तर माझा उपयोग नाही.

64 टक्क्यांची मला फारशी काळजी वाटत नाही. काळजी वाटते ती ‘आम्ही ठरवलं होतं’ या वाक्याची. एवढ्या पत्रात मुलीच्या तोंडचं एकही वाक्य नाही. तिला हे कुठून सुचलं, ती काय वाचते, कोणता विषय आवडतो, हे तुम्ही विचारलंय का? स्थळं येताहेत म्हणून बीएड करायचं, हे करिअर नव्हे, लग्नाची तयारी झाली. बीएड वाईट नाही, पण मनाविरुद्ध शिक्षिका झालेली बाई वर्गातल्या पोरांनाही कळते.

आता जहाजाचं. ‘चिक्यू’ या जपानी जहाजाने 2010 मध्ये नानकाई ट्रफमध्ये, म्हणजे जपानजवळच्या समुद्रातल्या लांबट खोल खळग्यात, सुमारे 1,900 मीटर पाण्याखाली, तळाच्याही आत शेकडो मीटर खोलवर उपकरणं बसवली. 2013 मध्ये ती ‘डोनेट’ या समुद्रतळावरच्या केबलला जोडली. तेव्हापासून डेटा किनाऱ्यावर येतो आणि शास्त्रज्ञ तो खुर्चीत बसून बघतात. तळावर प्रवाहांचा आणि चिखलाचा गोंगाट असतो, खाली सिमेंटने पक्क्या केलेल्या यंत्राला तो कमी जाणवतो. म्हणून एवढा खर्च. तिथल्या दोन बोअरमधल्या पाण्याच्या दाबावरून 8 ते 15 महिन्यांनी होणारी, कुणालाही न जाणवणारी खडकांची संथ घसरण सापडली, तीही अशीच जमिनीवर बसून.

खरी मेहनत डेटा साफ करण्यात आहे. यंत्र पाइपाबरोबर उतरताना कुठे तोंड करून बसलं, हे वरून दिसत नाही. मग जहाज वर ठरावीक जागी फिरवून एअरगनचे, म्हणजे पाण्यात दाबाखालच्या हवेचे, बार काढायचे, आणि कुठल्या बाजूचा बार यंत्राच्या कुठल्या दिशेच्या नोंदीत किती उमटला, त्यावरून यंत्राची दिशा काढायची. ती 20 अंशांनी चुकली तर पुढची सगळी गणितं वाकडी. हे काम चिकाटीचं आहे. मुलगा-मुलगी असा त्यात काही भेद नाही. मोहिमेवर गेलीच तर साधारण दोन महिने, तेही वारंवार नाही.

एक कडू गोष्ट तिच्यासाठी. खोल समुद्रातल्या बोअरच्या नोकऱ्या जगात मोजक्याच आहेत. ‘जॉइडस रिझोल्यूशन’ या अमेरिकी जहाजाच्या मोहिमाही 2024 मध्ये थांबल्या. केवळ जहाजाच्या ओढीने यात पडू नये. पण डेटा साफ करण्याचं हेच कौशल्य तेल कंपन्या, जीएसआय (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण), हैदराबादची एनजीआरआय ही भूभौतिकी संस्था, गोव्यातली एनसीपीओआर ही ध्रुवीय व सागरी संशोधन संस्था इथेही लागतं. मार्ग ठरलेला आहे : जॅम ही एमएस्सीची प्रवेश परीक्षा, मग एमएस्सी जिओफिजिक्स (भूभौतिकी), पुढे गेट किंवा यूपीएससीची जिओसायंटिस्ट परीक्षा. फूरिये (लहरींचं गणित) आणि रेषीय बीजगणित मात्र पक्कं हवं, पायथॉन ही संगणकाची भाषाही.

आणि तुम्ही कराडचे! 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप तुमच्या घरात आजही बोलला जात असणार. त्याच भागात जमिनीखाली सुमारे दीड किलोमीटरवर भूकंपमापक बसवलेत, 2017 मध्ये गोठणे इथे 3 किलोमीटरची बोअरही झाली, आणि हे काम बघणारी बोअरहोल जिओफिजिक्स रिसर्च लॅबोरेटरी ही सरकारी प्रयोगशाळा तुमच्याच कराडमध्ये आहे. जपानला नंतर जाता येईल. आधी तिथे तिला घेऊन जा, प्रकल्पासाठी संधी आहे का ते तिलाच विचारू द्या. तुम्ही बाहेर बसा.

जॅम साधारण फेब्रुवारीत असते आणि अर्ज सप्टेंबरच्या सुमारास सुटतात. तोवर स्थळांना ‘सध्या नको’ एवढंच कळवा.