खोलीतलं ऊन मळकट का होतं?

प्रश्न : दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या माजघराचं तैलचित्र करते आहे. प्रत्यक्षात खोली शांत वाटते, चित्रात मात्र कोंदट. सावलीत काळा आणि उन्हात पांढरा मिसळते. काय चुकतं?
– एक वाचक, बडोदे

उत्तर : तेच चुकतं. काळ्याने सावलीतला रंग मरतो आणि नुसत्या पांढऱ्याने ऊन खडूसारखं थंड पडतं. सावलीला बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (गडद निळा) घ्या, निळा थोडा जास्त. उन्हाच्या पट्ट्यात पांढऱ्याला यलो ऑकरचा (मातकट पिवळ्याचा) नखभर स्पर्श. निव्वळ पांढरा एकाच जागी ठेवा. झोपाळा असेल तर पितळी कडीवरचा ठिपका पुरतो. फरशीवरून उसळलेला उबदार उजेड झोपाळ्याच्या फळीखाली लागतो. तो राहून गेला की खोली हमखास कोंदट होते.

सूर्य तासाला 15 अंश सरकतो, म्हणून रोज ठरल्या वेळी 30-40 मिनिटंच बसा. पट्ट्याची कड पहिल्याच दिवशी आखा, मग ती हलवायची नाही. उत्तरेच्या खिडकीचा उजेड स्थिर असतो म्हणतात, पण ते युरोपातलं सूत्र. बडोद्यात जूनमध्ये सकाळ-संध्याकाळ त्याच खिडकीतून ऊन शिरतं.

शांतपणा हवा तर सामान कमी करा. डेन्मार्कचा चित्रकार हामरशोई याने 1898 ते 1909 कोपनहेगनच्या एकाच घरात राहून तिथल्या जवळजवळ रिकाम्या खोल्या करड्या रंगांत पुन्हापुन्हा रंगवल्या. तुमची फडताळावरची डब्यांची रांग आधी काढून बघा.